स्टेपनीचा टायर सुटा भाग नव्हे, सुरक्षेचा भाग आहे: स्पोर्ट्स गाड्या आणि टायर बनवणाऱ्या कंपन्यांना खुलं पत्र

प्रति,
स्पोर्ट्स गाड्या बनवणाऱ्या कंपन्यांचे सुट्या भागांचे विभाग, आणि
टायर कंपन्यांचे उत्पादन विभाग

स. न. वि. वि.

गेल्या शतकाच्या शेवटच्या दोन-अडीच दशकांत तुम्ही बनवलेल्या स्पोर्ट्स गाड्या आजही रस्त्यावर धावतात. आम्ही त्या चालवतो, सांभाळतो आणि दुरुस्त करतो. आमच्यातले काही ब्रिटन आणि युरोपात आहेत, तिथे अशा गाड्या गल्लोगल्ली दिसतात. काही महाराष्ट्रात आहेत, इथे त्या मोजक्याच आहेत. या गाड्यांची इंजिनं, रंग, आसनांचं कापड यांबद्दल तुम्ही कौतुकाने बोलता आणि जुन्या गाड्यांसाठी वेगळे विभागही चालवता. पण डिकीतल्या त्या बारीक चाकाबद्दल, म्हणजे स्पेस-सेव्हर स्टेपनीबद्दल, कुणीच बोलत नाही. रात्री महामार्गाच्या कडेला उभं राहायची वेळ आली की आपण आणि शेजारच्या आसनावरचं माणूस सुखरूप घरी पोहोचणार की नाही, हे त्याच चाकावर ठरतं. म्हणून हे पत्र तुम्हाला लिहितो आहोत, आणि सगळ्यांनी वाचावं म्हणून खुलं लिहितो आहोत.

स्टेपनी काढून टाकायचा निर्णय तुम्ही एका दिवसात घेतला नाही, तो हळूहळू अंगवळणी पाडलात. माझदा एमएक्स-५ च्या पहिल्या दोन पिढ्यांना डिकीत चाक होतं. २००५ च्या तिसऱ्या पिढीत त्याच्या जागी सीलंटची, म्हणजे टायरमधलं भोक आतून बुजवणाऱ्या द्रव्याची, बाटली आणि छोटा कॉम्प्रेसर आला. बीएमडब्ल्यूच्या पहिल्या झेड-४ ला रन-फ्लॅट, म्हणजे हवा गेल्यावरही काही अंतर चालणारे, टायर मिळाले आणि स्टेपनीची जागाच उरली नाही. आता हे लोण साध्या गाड्यांपर्यंत पोहोचलं आहे. जुलै २०२० मध्ये भारताच्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत बदल झाला. गाडीत टायरमधल्या हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चर दुरुस्तीचं किट असेल, तर साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी गाडीला स्टेपनी सक्तीची राहिली नाही. बॅटरीसाठी जागा मिळेल, असं एक कारण तेव्हा दिलं गेलं. नव्या गाडीबद्दल तुमचं म्हणणं तुम्ही मांडालच. आमचा मुख्य प्रश्न जुन्या गाड्यांचा आहे. त्यांत चाक तुम्हीच दिलं होतं, आणि आज ते बेवारस झालं आहे.

पहिली तक्रार वयाची. स्टेपनी वापरली जात नाही, म्हणून ती नवी दिसते. नक्षी पूर्ण, रंग काळा, रबराचे बारीक केसही शाबूत. पण रबर वापरल्याने जितकं संपतं तितकंच नुसतं पडून राहिल्यानेही संपतं. त्यातली तेलं उडून जातात, ऑक्सिजन आत झिरपतो, थरांची पकड सुटत जाते. टायरच्या बाजूवर ‘डीओटी’ या अक्षरांमागे शेवटी आकडे असतात. चार आकडे असतील तर पहिले दोन आठवडा सांगतात आणि पुढचे दोन वर्ष. तीनच आकडे असतील तर तो टायर २००० सालाच्या आधीचा आहे. नव्वदीतल्या गाड्यांच्या डिकीत आजही तीन आकड्यांचे टायर सापडतात, कारण गाडीचे चार टायर अनेकदा बदलले गेले आणि पाचव्याकडे कुणी पाहिलंच नाही. हा क्रमांक बहुधा एकाच बाजूला पूर्ण छापलेला असतो आणि स्टेपनी ठेवताना नेमकी तीच बाजू खाली जाते. चाक पूर्ण बाहेर काढल्याशिवाय तो दिसत नाही.

जुना टायर काय करू शकतो हे सांगायला आमच्या अनुभवाची गरज नाही. १० सप्टेंबर २०१२ रोजी इंग्लंडमध्ये ए-३ रस्त्यावर, हाइंडहेडजवळ, एका कोचचा, म्हणजे लांब पल्ल्याच्या बसचा, पुढचा टायर फुटला आणि तिघांचा जीव गेला. तो टायर १९ वर्षांहून जुना होता आणि त्याची नक्षी शिल्लक होती. मृतांपैकी एका तरुणाच्या आईने, फ्रान्सिस मॉलॉय यांनी, अनेक वर्षं पाठपुरावा केला. अखेर १ फेब्रुवारी २०२१ पासून ब्रिटनमध्ये ट्रक, बस आणि कोचच्या पुढच्या चाकांवर, तसंच मिनीबसच्या सगळ्या एकेरी (जोडीने न बसवलेल्या) चाकांवर, १० वर्षांहून जुना टायर लावायला बंदी आली. मोटारगाड्या या नियमात नाहीत, त्यांच्या स्टेपन्याही नाहीत. तुमच्यातल्याच काही टायर कंपन्या १० वर्षांनंतर स्टेपनीसकट सगळे टायर बदला, असा सल्ला देतात. मग हा सल्ला चाकावर, डिकीतल्या झाकणावर, सर्व्हिसच्या यादीत का नाही?

दुसरी तक्रार हवेची. ती लहान वाटते, पण रस्त्याच्या कडेला सर्वाधिक घात तीच करते. ज्याचं माप ‘टी’ अक्षराने सुरू होतं त्या तात्पुरत्या टायरला बहुतेक वेळा ४.२ बार, म्हणजे ६० पीएसआय हवा लागते. नेहमीच्या टायरच्या जवळपास दुप्पट. डिकीत पडून ती दरवर्षी थोडी थोडी कमी होते आणि गरज पडते त्या दिवशी तिथे २० पीएसआय निघते. इतक्या कमी हवेवर ते अरुंद चाक कडेवरून घासतं आणि काही किलोमीटरांत फाटतं. आपल्याकडे पेट्रोल पंपावर न सांगता दिलं, तर हवा भरणारा सवयीने ३२ वर मशीन थांबवतो. त्याचा दोष नाही, आकडा ठळक लिहिलेला नसतो. काही गाड्यांत तर चाक असं बसवलेलं असतं की सगळं सामान बाहेर काढल्याशिवाय व्हॉल्व्हपर्यंत हात पोहोचत नाही. व्हॉल्व्हची बाजू वर यावी, इतका साधा विचार बैठक आखताना व्हायला हवा होता.

पोर्शे ९११ च्या अनेक वर्षांच्या गाड्यांत घडी होणारा टायर आहे. व्रेडेस्टाइनचा स्पेस मास्टर, जुन्या गाड्यांत १६५-१५ आणि पुढच्या ९६४ व ९९३ या पिढ्यांत १६५/७०-१६. हवा नसताना तो रिमवर आवळून बसतो, म्हणून पुढच्या डिकीत मावतो. तो घडी केलेल्या स्थितीतच हबवर, म्हणजे चाक ज्यावर आवळतात त्या मधल्या भागावर, लावायचा, गाडी जॅकवर असतानाच २.५ बारपर्यंत फुगवायचा, आणि मगच गाडी खाली घ्यायची. आधी खाली घेतली तर रिम घड्यांवर बसते आणि टायर तिथेच संपतो. हवा भरायचा कॉम्प्रेसर सिगारेट लायटरच्या सॉकेटवर चालतो. तीस वर्षांच्या गाडीत त्या सॉकेटचा फ्यूज जळालेला असणं किंवा आतली पट्टी गंजलेली असणं अगदी नेहमीचं. म्हणजे टायर ठीक, कॉम्प्रेसर ठीक, आणि तरीही गाडी जागेवर. व्रेडेस्टाइन २००९ पासून अपोलो टायर्स या भारतीय कंपनीकडे आहे. जुन्या गाड्यांसाठी स्प्रिंट क्लासिकसारखे टायर याच नावाखाली विकले जातात. जुन्या गाडीच्या रुंद टायरची काळजी घेता येते, तर घडीच्या टायरचीही घेता यावी, ही आमची अपेक्षा आहे. घड्यांच्या रेषेवरच रबर सगळ्यात आधी तडकतं, त्यामुळे हा टायर जुना झाला की साध्या टायरपेक्षा अधिक धोक्याचा असतो.

तिसरी तक्रार मापाची. तिच्यावर थोडं थांबतो, कारण गाडीचं खरं नुकसान इथे होतं. पहिल्या पिढीच्या एमएक्स-५ चा मूळ टायर १८५/६० आर १४, आणि स्टेपनी टी ११५/७० डी १४ (रुंदी मिलिमीटरमध्ये, बाजूची उंची रुंदीच्या टक्क्यांत, रिम इंचांत). आकडेमोड केली तर मूळ चाकाचा व्यास सुमारे ५७८ मिलिमीटर येतो आणि स्टेपनीचा ५१७. म्हणजे दहा टक्क्यांहून थोडा जास्तच फरक. एका किलोमीटरमध्ये मोठं चाक साधारण ५५१ फेरे घेतं आणि छोटं ६१६. समोर ही स्टेपनी लावली तर गाडी एका कोपऱ्यावर ३० मिलिमीटर खाली बसते, ब्रेक मारताना एका बाजूला ओढते, एबीएसचा दिवा लागू शकतो. हे सहन करता येतं. मागे, म्हणजे इंजिनचा जोर जातो त्या चाकावर लावली, तर गोष्ट वेगळी होते. साध्या डिफरन्शियलमध्ये, म्हणजे दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरच्या पेटीत, आतले छोटे गिअर सरळ रस्त्यावरही सतत फिरत राहतात, थोड्या अंतरापुरतं तेही चालतं. पण यांतल्या बऱ्याच गाड्यांत लिमिटेड-स्लिप डिफरन्शियल आहे. एमएक्स-५ च्या सुरुवातीच्या १.६ लिटर गाड्यांपैकी काहींत व्हिस्कस प्रकारचं, पुढे १.८ मध्ये टॉर्सन. दोन चाकांच्या वेगातला फरक रोखणं हेच त्याचं काम. दर किलोमीटरला ६५ फेऱ्यांचा फरक दिला की ते सतत त्या फरकाशी झगडत राहतं. व्हिस्कसमधलं सिलिकॉन तेल तापतं, प्लेटवाल्या डिफरन्शियलमध्ये प्लेटा घासतात. स्टेपनीने वाचवलेल्या गाडीचं डिफरन्शियल पुढे खोलावं लागतं.

उपाय आहे, आणि तो कष्टाचा आहे. मागचं चाक पंक्चर झालं असेल तर आधी पुढचा कोपरा उचलायचा, तिथलं चांगलं चाक काढून स्टेपनी लावायची, गाडी खाली घ्यायची. मग मागचा कोपरा उचलून पंक्चर चाकाच्या जागी ते चांगलं चाक लावायचं. दोनदा जॅक, दुप्पट वेळ, पण मागची दोन्ही चाकं एकाच मापाची राहतात. स्टेपनी पुढे आली की ब्रेकची पकड कमी होते, म्हणून ताशी ८० किलोमीटर ही वरची मर्यादा समजायची, आणि ओल्या रस्त्यावर त्याहून बरंच कमी.

पुढचे आणि मागचे टायर वेगळ्या मापाचे असले की हा उपाय अडतो, निदान वरवर पाहता. ९९३ ला सतरा इंची चाकांवर पुढे २०५/५० आणि मागे २५५/४०. होंडा एस२००० च्या पहिल्या गाड्यांना पुढे २०५/५५ आर १६ आणि मागे २२५/५० आर १६. पण व्यास काढून पाहा. दोन्ही गाड्यांत पुढच्या आणि मागच्या चाकाच्या व्यासात फार तर एक मिलिमीटरचा फरक येतो. म्हणजे पुढचं चाक काही किलोमीटर मागे लावलं तर डिफरन्शियलला त्रास नाही. प्रश्न उरतो रिमच्या ऑफसेटचा (ती हबपासून किती आत-बाहेर बसते त्याचा), भाराचा, ब्रेक कॅलिपरपासूनच्या (डिस्क दाबणाऱ्या भागापासूनच्या) अंतराचा. ही माहिती मालकाने अंदाजाने ठरवायची नसते. ती तुमच्या रेखाचित्रांत आहे. गाडीगणिक एका पानावर ती छापून देणं तुम्हाला मुळीच अवघड नाही, आणि इतकी वर्षं हे पान नाही याचा आम्हाला मनापासून राग आहे.

बोल्टचा मुद्दा थोडक्यात. पोर्शेच्या चाकांना १४ मिलिमीटर जाडीचे, १.५ पिचचे, गोल बैठकीचे नट (९९३ पर्यंतच्या ९११ ला) किंवा बोल्ट (त्यापुढच्या गाड्यांना) लागतात आणि १३० न्यूटन-मीटरवर आवळायचे असतात. एमएक्स-५ ला १२ मिलिमीटरचे, शंकूच्या बैठकीचे नट, ८८ ते ११८ न्यूटन-मीटर. एकाची बैठक दुसऱ्याला चालत नाही. बाजारातून दुसरी चाकं घेतली असतील तर त्यांच्यासोबतचे नट स्टेपनीला बसतीलच असं नाही. स्पेसर, म्हणजे चाक बाहेर सरकवणारी चकती, लावून लांब बोल्ट घातले असतील, तर स्पेसरशिवाय स्टेपनी बसवल्यावर तेच बोल्ट आत जास्त शिरतात. बोल्टवाल्या ९११ मध्ये मागच्या डिस्कच्या आत हँडब्रेकचे शूज असतात, बोल्ट तिथे जाऊन अडतो. म्हणून मूळ लांबीच्या बोल्टांचा एक संच स्टेपनीसोबतच ठेवावा लागतो, आणि लॉक-बोल्टची चावीही. मोठे ब्रेक बसवले असतील तर छोटी स्टेपनी कॅलिपरला अडकते. ती एकदा घरीच लावून पाहायची.

जॅकबद्दल. या गाड्या मुळातच बुटक्या. टायर बसला की तुम्हीच दिलेला जॅक खाली शिरत नाही. वीस-पंचवीस मिलिमीटर जाडीची फळी ठेवून तिच्यावर गाडी हळूच चढवली की जागा मिळते. पण ही फळी किटमध्ये कधीच नव्हती. एमएक्स-५ च्या कडा मागच्या चाकाच्या पुढेच गंजतात. जुन्या ९११ ला जॅक अडकवायची नळी होती, ती आतून गंजलेली असेल तर भार येताच आत जाते. गाडी उचलण्याआधी नट अर्धा फेरा ढिले करायचे, विरुद्ध कोपऱ्यातल्या चाकाला दोन्ही बाजूंनी अडण लावायची. मागचा एक कोपरा उचलला आणि डिफरन्शियल साधं असेल, तर गिअरमध्ये ठेवलेली गाडीही सरकू शकते, कारण हवेतलं चाक मोकळं फिरतं. तेव्हा भिस्त फक्त जमिनीवरच्या दुसऱ्या मागच्या चाकाच्या हँडब्रेकवर उरते. ही सूचना किती पुस्तिकांत ठळक अक्षरांत आहे? अलॉय चाक हबला चिकटलं असेल तर लाथा मारण्याने जॅक घसरतो. चाक तसंच ठेवून नट थोडे ढिले करायचे, गाडी खाली घ्यायची आणि हाताने मागे-पुढे हलवायची, बहुतेक वेळा ते सुटतं. पुढच्या वेळेसाठी हबच्या मधल्या कड्यावर अँटी-सीझचा (धातू एकमेकांना चिकटू न देणाऱ्या लेपाचा) पातळ थर द्यायचा. नटांच्या आट्यांवर मात्र नाही, त्याने टॉर्कचा, म्हणजे आवळण्याच्या जोराचा, आकडा चुकतो.

आणि काढलेलं चाक ठेवायचं कुठे? घडीच्या स्टेपनीच्या जागेत २५५ रुंदीचं चाक मावत नाही. ते शेजारच्या आसनावर किंवा मागच्या छोट्या आसनांवर ठेवावं लागतं. न बांधलेलं चाक जोराचा ब्रेक लागताच पुढे येतं. दोन माणसं दोन आसनी गाडीतून निघाली असतील तर तिसऱ्याची, म्हणजे चाकाची, जागाच नाही. एक मजबूत पिशवी आणि ते चाक बांधायचे दोन पट्टे, एवढंच मागतो आहोत.

आता सीलंट. टायरच्या मधल्या नक्षीत शिरलेला खिळा किंवा स्क्रू, चार-पाच मिलिमीटरपर्यंतचं भोक, यासाठी ते उपयोगी आहे, हे आम्ही नाकारत नाही. खिळा तसाच राहू द्यायचा, बाटली रिकामी करायची, हवा भरायची. दहा मिनिटांत दाब १.८ बारपर्यंत पोहोचला नाही तर पुढे जायचं नाही. पोहोचला तर लगेच थोडं अंतर ८० च्या आत चालवायचं, थांबून पुन्हा मोजायचं, आणि १.३ बारच्या खाली असेल तर तिथेच थांबायचं. पण कमी उंचीच्या टायरला खड्ड्यात जे होतं ते बहुतेकदा बाजूला चीर पडणं किंवा रिम वाकणं असतं. कोकणातल्या पावसाळी रस्त्यावर खड्डा पाण्याने भरलेला असतो, त्याची धार दिसत नाही. त्या चिरेवर बाटलीतलं द्रव्य काहीच करू शकत नाही. शिवाय त्या बाटलीला मुदत असते, ती उलटली की द्रव्य आत घट्ट होतं. ज्या गाडीला स्टेपनीची जागाच नाही आणि जिचे रन-फ्लॅट बदलून मालकाने साधे टायर घातले आहेत, तिथे हीच मुदत संपलेली बाटली एकमेव आधार असते. तिला स्टेपनीचा पर्याय म्हणू नका.

आमच्या मागण्या या आहेत.

जुन्या गाड्यांच्या तात्पुरत्या टायरांची मापं दर काही वर्षांनी पुन्हा बनवा. दरवर्षी बनवण्याची गरज नाही, आधी मागणी नोंदवून घ्या, आम्ही आगाऊ पैसे देऊ. मूळ माप बनवणं शक्यच नसेल तर त्या रिमवर किंवा त्या हबवर चालणारा आजचा कोणता टायर किंवा चाक आहे, ते गाडीच्या नावानिशी लेखी जाहीर करा.

प्रत्येक स्टेपनीवर बदलण्याचं वय आणि हवेचा आकडा हातभर अंतरावरून वाचता येईल असा छापा. तुमच्या अधिकृत सर्व्हिस केंद्रांत वार्षिक तपासणीच्या यादीत स्टेपनीचा डीओटी क्रमांक आणि दाब लिहिण्याची जागा ठेवा. १० वर्षांहून जुनी असेल तर बिलावर तसं लिहून द्या.

गाडीगणिक एक पान प्रसिद्ध करा. स्टेपनी कोणत्या चाकाच्या जागी चालते, लिमिटेड-स्लिप असेल तर काय करायचं, पुढचं चाक मागे चालेल की नाही, बोल्टची लांबी आणि बैठक कोणती, कोणत्या मापापर्यंतच्या ब्रेकवर ती बसते. ते मोफत असावं, आणि गाडी दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे गेली तरी त्याला मिळावं.

घडीच्या टायरसाठी आज भरवशाने चालणारा कॉम्प्रेसर, चाकाची पिशवी आणि पट्टे सुटे भाग म्हणून उपलब्ध ठेवा.

आणि भारतात नव्या स्पोर्ट्स गाड्या विकणाऱ्यांना एक विनंती. २०२० चा नियम स्टेपनी न देण्याची मुभा देतो, न देण्याची सक्ती करत नाही. ग्राहकाने पैसे देऊन मागितली तर कारखान्याने तपासलेली स्टेपनी, तिचा जॅक आणि ती बांधायची सोय द्या. जिथे डिकीत जागाच नाही, तिथे विक्रीच्या वेळी हे लेखी सांगा आणि सीलंटच्या मुदतीची तारीख ग्राहकाच्या हातात द्या.

उत्तर खासगी पत्राने नको. जे द्याल, करू किंवा करणार नाही, ते जाहीर द्या. म्हणजे या गाड्या आज विकत घेणाऱ्याला डिकी उघडून काय पाहायचं ते आधीच कळेल.

आपले,
जुन्या स्पोर्ट्स गाड्या चालवणारे आणि त्यांची देखभाल करणारे